जेम्सटाऊनची वाळवी: गुलामांच्या जहाजातून उतरलेले संकट

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० किलोमीटर पश्चिमेला सेंट हेलेना नावाचे चिमुकले बेट आहे. १८१५ ते १८२१ या काळात नेपोलियन तेथे कैदेत होता आणि तेथेच वारला, एवढीच त्या बेटाची ओळख बहुतेकांना असते. नेपोलियनच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी या बेटाच्या राजधानीची, म्हणजे जेम्सटाऊनची, छपरे खचू लागली. दारे चौकटींसकट निखळू लागली, तक्तपोशी पायाखाली मोडू लागली. भूकंप झाला नव्हता आणि तोफाही डागल्या गेल्या नव्हत्या. गाव वाळवीने पोखरले होते. ही वाळवी बेटावर आली कशी, तिला एवढे रान मोकळे कसे मिळाले आणि दख्खनच्या वाड्यात पाळली जाणारी कोणती साधी गोष्ट जेम्सटाऊनच्या भिंतींत पाळली गेली नव्हती, याचा हा धागा.

सुरुवात करावी लागते ती एका न्यायालयापासून. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, परंतु ब्राझील आणि क्यूबाकडे जाणारी गुलामवाहू जहाजे त्यानंतरही अनेक दशके अटलांटिक ओलांडत होती. ब्रिटिश नौदल ती समुद्रात अडवी आणि न्यायालयापुढे उभी करी. असे एक न्यायालय १८४० मध्ये सेंट हेलेना बेटावर स्थापन झाले. बेट मोक्याच्या जागी होते. अंगोलाच्या बाजूने ब्राझीलकडे निघालेले जहाज पकडले, की ते ओढून आणण्यास हेच बंदर सोयीचे. पुढील तीन दशकांत पकडलेल्या जहाजांतून २५,००० हून अधिक आफ्रिकी माणसे या बेटावर उतरवली गेली. त्यांतील सुमारे ८,००० माणसे तेथेच मेली. देवी, आमांश आणि जहाजाच्या तळघरातील उपासमार यांनी त्यांना मुक्तीच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावरही सोडले नाही. जेम्सटाऊनच्या शेजारच्या रूपर्ट्स खोऱ्यात त्यांच्या दफनभूमी आहेत. विमानतळाच्या रस्त्याच्या कामामुळे २००७-०८ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा एका लहानशा भागातून ३२५ जणांचे अवशेष सापडले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती.

माणसांचे असे झाले. जहाजांचे काय करायचे, हा प्रश्न निराळा होता. पूर्वी दोषी ठरलेली जहाजे लिलावात विकली जात, आणि दलालांमार्फत तीच जहाजे पुन्हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडत. एकच जहाज दोनदा पकडल्याची उदाहरणे होती. म्हणून १८३० च्या दशकात नियम कडक झाले. दोषी जहाज फोडायचे, त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे वेगवेगळे विकायचे. नियम योग्यच होता. त्याच्या परिणामांचा विचार करताना मात्र लाकडात दडलेल्या कीटकाचा विचार कोणी केला नव्हता, आणि त्या काळी तो कोणी करावा अशी अपेक्षाही धरता येत नाही.

सेंट हेलेनावर लाकडाला भाव होता. पोर्तुगिजांना १५०२ मध्ये हे बेट सापडले तेव्हा त्यावर दाट झाडी होती. त्यांनी जहाजांच्या शिधापाण्यासाठी शेळ्या सोडल्या. शेळ्यांनी कोवळी रोपे खाल्ली, पुढे १६५९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीने सरपणासाठी मोठी झाडे तोडली, आणि अठराव्या शतकापर्यंत जुने अरण्य जवळपास संपले. अशा उघड्या बोडक्या बेटावर फोडलेल्या जहाजाच्या तुळया, फळ्या आणि वासे म्हणजे मोठीच चैन. ब्राझीलच्या अशाच एका गुलामवाहू जहाजाचे लाकूड १८४० च्या सुमारास जेम्सटाऊनमध्ये जमिनीवर रचून ठेवले गेले. त्या लाकडातून वाळवी गावात शिरली.

येथे थोडे थांबून या कीटकाची ओळख करून घ्यावी लागेल, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्या देहाच्या नाजूकपणावर उभा आहे. इंग्रजीत वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हणण्याची प्रथा होती. ती मुंगी नाही. मुंग्या तर तिच्या सर्वांत जुन्या वैरी. वाळवीचे खरे नाते झुरळाशी आहे, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर शास्त्रज्ञ तिला झुरळांच्या कुळातच मोजतात. तिचे अंग मऊ असते आणि कातडी पातळ. कोरड्या हवेत ती थोड्याच वेळात सुकून मरते. म्हणून जमिनीतून वावरणारी वाळवी ओलीशी असलेला संबंध कधी तोडत नाही. वारूळ किंवा घरटे जमिनीत, आणि तेथून अन्नापर्यंत माती, लाळ व विष्ठा यांनी लिंपलेली बंद वाट. भिंतीवर दिसणाऱ्या मातीच्या शिरा म्हणजे तिचे हे झाकलेले रस्ते. लाकूड आतून पोखरून वरचा पापुद्रा ती तसाच ठेवते, यातही कपट नाही. तो पापुद्रा तिचे छप्पर असतो. उजेड, वारा आणि मुंग्या बाहेर ठेवण्याचा तिच्याजवळ तेवढाच उपाय आहे.

लाकूड ती खाते, पण बहुतेक जातींना ते स्वतःच्या बळावर पचत नाही. एल. आर. क्लीव्हलँड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिले, की लाकूड खाणाऱ्या वाळवीच्या आतड्यात एकपेशीय जिवांची एक अख्खी वस्ती असते आणि काष्ठातील सेल्युलोज पचवण्याचे काम ती करते. क्लीव्हलँडने ते जीव नाहीसे केले, तेव्हा वाळवी लाकूड खात राहिली आणि भुकेने मेली. कागद, कापूस, तागाचे कापड यांत सेल्युलोजच असते. म्हणून लाकडी कपाटातील दस्तऐवज तिच्या लेखी कपाटाहून निराळे नसतात.

जेम्सटाऊनमध्ये पुढे काय झाले, ते आता समजण्यासारखे आहे. गाव एका अरुंद दरीत वसलेले, दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये एकच मुख्य रस्ता आणि त्याला लागून घरांच्या रांगा. भिंती दगडाच्या होत्या, पण जुन्या घरांत दगड सांधायला चुन्याऐवजी मातीचा गारा वापरलेला होता आणि चुन्याचा गिलावा तेवढा वरून. बाहेरून पाहणाऱ्याला ती भक्कम चिरेबंदी वाटे. वाळवीच्या दृष्टीने ती जमिनीपासून छपरापर्यंत जाणारी, आतून मऊ, ओलसर आणि अंधारी वाट होती. तिला भिंतीबाहेर येऊन मातीची शीर बांधण्याची गरजच नव्हती. तुळई भिंतीत जेथे रोवलेली असते तेथूनच ती लाकडात शिरे. त्यात एका घराची भिंत दुसऱ्या घराला लागून. काही जातींच्या वाळवीत मूळ राणीपासून तुटलेला एखादा गटही आपल्यातून नवी जननक्षम मादी तयार करू शकतो. म्हणजे एका घरातली वाळवी मारली, तरी शेजारच्या घरातली वस्ती चालूच राहणार.

सुरुवातीची वर्षे कोणाला काही कळले नाही. वाळवीच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. वस्ती वाढायला वर्षे लागतात, आणि तुळई मोडेपर्यंत रंग उडालेला नसतो. जेव्हा घरे बसू लागली, तेव्हा गावातील बहुतेक इमारती आतून पोकळ झाल्या होत्या. या घटनेचा सर्वांत चांगला साक्षीदार जॉन चार्ल्स मेलिस. तो याच बेटावर वाढलेला अभियंता होता, सरकारी इमारतींची देखभाल त्याच्याकडे होती आणि निसर्गाचा अभ्यास हा त्याचा छंद होता. १८७५ मध्ये त्याने बेटाच्या भूगोलावर, वनस्पतींवर आणि प्राण्यांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळवीने उद्ध्वस्त केलेल्या गावाचे वर्णन त्याने भूकंपाच्या उपमेने केले आहे. पडझडीची जबाबदारी ज्याच्या खात्यावर येते, त्यानेच त्या पडझडीस कारण झालेल्या कीटकाची शांतपणे नोंद ठेवावी, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोलाची वाटावी.

गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचीही तीच गत झाली. पुस्तकांच्या पाठी फळीवर ओळीने उभ्या, आणि आत पाने नाहीत. वाळवीला धर्मशास्त्राच्या ग्रंथांची विशेष गोडी होती, असा किस्सा या संदर्भात सांगितला जातो. किस्सा खरा असेल, तर त्याचे कारण कीटकाच्या आवडीनिवडीपेक्षा वाचकांच्या आवडीनिवडीत शोधलेले बरे. जे पुस्तक कोणी फळीवरून काढत नाही, ते शांतपणे खाता येते.

या किश्शात खरे तर सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे, आणि त्याकडे वळण्याआधी युरोपातील एक जुळे उदाहरण पाहणे उपयोगाचे ठरेल. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल आणि रोशफोर ही दोन बंदरे आहेत. वाळवी हा उष्ण देशांचा रोग, अशी समजूत असलेल्या फ्रेंच लोकांना एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गावांतील इमारती आतून पोकळ होत असल्याचे आढळले. निसर्गशास्त्रज्ञ आर्मां द कात्रफाज याने १८५० च्या दशकात ला रोशेलला जाऊन पाहणी केली. तेथील जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात वरची पाने आणि कडा शाबूत असलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचा आतला भाग खाऊन टाकलेला होता. पुढे महत्त्वाचे कागद जस्ताच्या पेट्यांत ठेवावे लागले. कात्रफाजने क्लोरीन वायूचे प्रयोगही करून पाहिले. वायूने वाळवी मरते हे खरे, पण भिंतीच्या पोटात दडलेल्या सगळ्या वाटांपर्यंत वायू पोहोचवायचा कसा, हे कोडे उरलेच.

ला रोशेलच्या वाळवीला १९२४ मध्ये त्या सेंतोंज प्रदेशावरून स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. जणू ती तेथलीच. पुढे जनुकीय तपासणीत ती उत्तर अमेरिकेतील एक सामान्य जात असल्याचे सिद्ध झाले. ला रोशेल हे फ्रान्सच्या गुलामांच्या व्यापाराचे एक मोठे बंदर होते आणि अमेरिकेतील वसाहतींशी त्याची सतत ये-जा होती. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व आशियातील वाळवी जहाजांतील लाकडी खोक्यांतून आणि आधारफळ्यांतून अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्सला पोहोचली, आणि तिच्या बंदोबस्तासाठी १९९८ मध्ये तेथे सरकारी मोहीम हाती घ्यावी लागली. जेम्सटाऊन, ला रोशेल, न्यू ऑर्लिन्स ही तिन्ही बंदरे आहेत. पंख फुटलेली वाळवी फार दूर उडत नाही. समुद्र ओलांडायला तिला माणूस लागतो, आणि माणसाने कोणत्या धंद्यासाठी समुद्र ओलांडला याची खूण ती मागे ठेवते.

या कीटकाचे ज्ञानही त्याच वाटेने युरोपात गेले. वाळवीवरचा पहिला सविस्तर शास्त्रीय निबंध हेन्री स्मीथमन याचा. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो १७८१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर जोसेफ बँक्स आणि इतर धनिक संग्राहकांच्या पैशावर स्मीथमन १७७१ मध्ये सिएरा लिओनच्या किनाऱ्यावर गेला. तेथे त्याचा निवारा, वाहतूक आणि ओळखीपाळखी गुलामांच्या व्यापाऱ्यांवर अवलंबून होत्या. पुरुषभर उंचीहून मोठी वारुळे फोडून त्याने कामकरी, सैनिक, राजा आणि राणी यांची व्यवस्था उलगडली. राणी मिनिटाला साठ अंडी घालते आणि दिवसाला ऐंशी हजारांवर, असा हिशेब त्याने मांडला. बंदिस्त कोठडीत डांबलेल्या त्या अवजड राणीला तो ‘राणी’ म्हणतो, पण त्याचे वर्णन वाचताना ती वसाहतीची मालकीण वाटण्याऐवजी कैदीच वाटते. अशा शब्दांतून निरीक्षकाच्या समाजाची रचना निसर्गावर चढवली जाते. वाळवीला राजा-राणी लाभले ते राजेशाहीतील माणसांनी तिच्याकडे पाहिल्यामुळे.

आता भारताकडे. आपल्याकडे वाळवीचे ज्ञान निबंधापेक्षा व्यवहारातून अधिक दिसते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात भूजलाचा शोध कसा घ्यावा यावर दकार्गल नावाचा एक अध्याय आहे. विशिष्ट झाडांजवळ वारूळ दिसले तर किती खोलीवर पाणी लागेल, याचे ठोकताळे त्यात दिलेले आहेत. प्रत्येक ठोकताळा आजच्या कसोटीला उतरतोच असे नाही. त्यामागचे निरीक्षण मात्र अचूक आहे. वाळवीला ओल लागते, म्हणून वारूळ हा जमिनीखालच्या पाण्याचा संभाव्य पुरावा. विहीर खणणाऱ्याने हे वाक्य सुलटे वाचले. घर बांधणाऱ्याने ते उलटे वाचायचे. जेथे ओल, तेथे वाळवी. (वारुळात नाग राहतो ही समजूतही निराधार नाही. घर वाळवीचे, वस्ती नागाची. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण हे निरीक्षण करूनच घडली असावी.)

दख्खनी वाड्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आधी घडीव दगडाचे उंच जोते. त्यावर प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडाचा तळखडा. खांबाचे लाकूड जमिनीला कोठेही टेकत नाही. वर तुळया, कडीपाट, माळा. तळखड्याकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहतो, कारण त्यावर कोरीव काम असते. त्याचे पहिले काम खांबाच्या बुडाला जमिनीची ओल लागू न देणे हे. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. दगड वाळवीला अडवू शकत नाही. दगडावरून मातीची शीर बांधत ती सहज वर चढते. पण तसे करताना तिला बाहेर यावे लागते. उघड्या, घडीव, गुळगुळीत दगडावर बोटभर रुंदीची मातीची रेघ उमटते, आणि रोज सकाळी केर काढणाऱ्या बाईच्या नजरेस ती पडल्याशिवाय राहत नाही.

वाळवीपासून घर राखण्याचे सगळे शास्त्र येथे आहे. तिला कायमचे रोखणारी भिंत अजून कोणी बांधलेली नाही. तिला उजेडात येण्यास भाग पाडणारे घर मात्र बांधता येते. जेम्सटाऊनची भिंत आणि वाड्याचा तळखडा यांतला फरक मजबुतीचा नव्हता. दोन्ही दगडच होते. एकाने वाळवीला झाकले, दुसऱ्याने तिला उघडे पाडले. विसाव्या शतकात अनेक देशांत पाया आणि लाकूड यांच्यामध्ये धातूचा पत्रा कडा बाहेर वाकवून बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्या पत्र्याचे तत्त्वही हेच. वाळवी पत्र्याच्या कडेला वळसा घालून जाते, आणि वळसा घालताना दिसते.

वाड्याचा दुसरा आधार म्हणजे साग. जुन्या सागाच्या गाभ्यात काही नैसर्गिक द्रव्ये असतात, ती वाळवीला मानवत नाहीत. ही गोष्ट गाभ्यापुरती खरी आहे. सालीलगतचा फिकट भाग सागाचा असला तरी वाळवी तो खाते, आणि आजकाल लवकर तोडलेल्या सागात हाच भाग जास्त असतो. ‘सागाचे आहे, काही होत नाही’ हे वाक्य आजोबांच्या चौकटीबद्दल जितके खरे होते, तितके नव्या चौकटीबद्दल असेलच असे नाही.

या सागाचा आणि सेंट हेलेनाचा एक योगायोगाचा धागा इतिहासात सापडतो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची एक युद्धनौका बांधली गेली. ‘त्रिंकोमाली’ असे तिचे नाव. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी मुंबईहून इंग्लंडला निघालेली ही नौका जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेनाला थांबली आणि तेथून जॉन स्टोको या शल्यवैद्याला घेऊन पुढे गेली. लाँगवूडला जाऊन नेपोलियनची प्रकृती तपासणारा वैद्य तो हाच. जेम्सटाऊनच्या बंदरात त्या दिवसांत मुंबईच्या सुतारांनी जोडलेला साग नांगरून होता. एकवीस वर्षांनी त्याच बंदरात ब्राझीलच्या जहाजाचे लाकूड उतरले. त्रिंकोमाली आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत उभी आहे. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत ती सर्वांत जुनी मानली जाते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला वाळवी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मोडी कागद हातात घेतला की तिच्या वाटा अक्षरांमधून आरपार गेलेल्या दिसतात. कधी तारीख गेलेली, कधी नेमके नाव. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतर आयुष्यभर गावोगावची दप्तरे धुंडाळली. कित्येक घराण्यांत रुमालात बांधलेले कागद पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर पडून होते. ती दप्तरे पवित्र म्हणून कोणी उघडत नव्हते, किंवा निरुपयोगी म्हणून उघडत नव्हते. वाळवीच्या लेखी दोन्ही कारणे सारखीच. जर्मन प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यानेही अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांबद्दल लिहिताना नोंदवले होते, की पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कागद तेथे क्वचितच सापडतात. एखाद्या प्रदेशाला ‘लेखी इतिहास नाही’ असे म्हणण्यापूर्वी तेथला कागद कोणी खाल्ला, हे विचारले पाहिजे. जुन्या घरांत पोथ्यांजवळ वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवीत. त्या पाल्याने किडीला थोडाफार अटकाव होत असेल. पण पाला बदलण्यासाठी वर्षातून एकदा पोथी सोडावी लागे, उन्हात घालावी लागे, फळी पुसावी लागे. बहुधा खरे रक्षण त्या सोडण्या-बांधण्यातच होते. दसरा-दिवाळीच्या आधी अख्खे घर अंगणात काढण्याच्या चालीचाही हा एक लाभ होता, मग ती चाल पडण्याचे कारण काहीही असो.

एकोणिसाव्या शतकात युरोपने रसायनांचा मार्ग धरला. जॉन हॉवर्ड कायन याने १८३२ मध्ये लाकूड पाऱ्याच्या क्षारात भिजवण्याचे पेटंट घेतले. १८३८ मध्ये जॉन बेथेल याने दाबाखाली लाकडात क्रिओसोट, म्हणजे डांबरापासून काढलेले तेल, मुरवण्याची पद्धत आणली. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांचे आयुष्य या पद्धतीने वाढले. दुसऱ्या महायुद्धानंतर क्लोरडेनसारखी टिकाऊ विषे पायाच्या मातीत ओतली जाऊ लागली. ती दशकानुदशके मातीत टिकत, आणि हाच त्यांचा गुण दोष ठरून पुढे त्यांच्यावर बंदी आली. मग १९९० च्या दशकात आमिषाची पद्धत निघाली. वाळवीला न मारता संथ विष असलेले खाद्य खाऊ द्यायचे आणि ते तिने वस्तीत वाटून टाकावे याची वाट पाहायची. वाळवी एकमेकींना अन्न भरवतात, या जुन्या निरीक्षणाचा हा नवा उपयोग.

भारतात इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. त्याचे तीन भाग आहेत: बांधकामातील उपाय, बांधकामापूर्वी मातीत करायची रासायनिक प्रक्रिया आणि उभ्या इमारतीवरील उपचार. रसायनाच्या फवारणीची जाहिरात सगळीकडे दिसते, पहिल्या भागाची कोणी करत नाही. त्यातला बराचसा शहाणपणा वाड्याच्या गवंड्याला परका वाटला नसता. लाकूड मातीला टेकू देऊ नये. पायाखालची झाडांची मुळे, फळ्यांचे तुकडे आणि सेंट्रिंगचे लाकूड काढून टाकावे. पाणी भिंतीजवळ साचू देऊ नये. चौकटीचा भिंतीत आणि जमिनीत जाणारा भाग डांबराने माखण्याची गावाकडची रीत याच जातीची.

राहत्या घरात पाहायच्या गोष्टीही इतिहासाने शिकवलेल्याच आहेत. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या पंखवाल्या वाळवीचे पंख खिडकीखाली ढिगाने पडलेले आढळले, तर वस्ती जवळ आहे. चौकटीवर बोटाने ठोकून पोकळ आवाज आला, तर वरचा रंग पाहून फसू नये. भिंतीला टेकून रचलेले सरपण, जुनी रद्दी, पुठ्ठ्याची खोकी, नळाची मुरणारी गळती यांनी तिची सोय होते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, तर त्यामागची भिंत दिसू लागते. मातीची शीर दिसली की ती झाडूने पुसून टाकणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे, आणि सर्वांत निरुपयोगीही. रस्ता मोडला म्हणून गाव ओस पडत नाही. काही दिवसांत ती शीर पुन्हा लिंपली जाते किंवा दुसऱ्या बाजूने काढली जाते. शिरेचा तुकडा मोडून आत पांढरे किडे हलत आहेत का, ते पाहावे. ती जमिनीत कोठे उतरते त्याचा माग काढावा आणि उपचार तेथे करावा. आणि कोणाच्या तरी पाडलेल्या घराचे स्वस्तात मिळालेले लाकूड दारात उतरवून घेण्यापूर्वी ते उन्हात पसरून, उलटेपालटे करून तपासावे. जेम्सटाऊनमध्ये एवढे एक झाले असते, तर कदाचित हा धागा लिहिण्याचे कारण उरले नसते.

जेम्सटाऊनची डागडुजी १८६० च्या दशकात झाली. सर चार्ल्स इलियट तेव्हा गव्हर्नर होता. अफूच्या पहिल्या युद्धात ज्याच्या कारकिर्दीत हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती आले, तोच हा इलियट. १८६५ मध्ये गावात ओतीव लोखंडाची मंडई उभी राहिली. तिचे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणले होते. लोखंड वाळवी खात नाही. ती इमारत आजही उभी आहे.

वाळवी मात्र गावापुरती थांबली नाही. नेपोलियन ज्या लाँगवूड हाऊसमध्ये राहिला, ते तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५८ मध्ये, फ्रान्सने विकत घेतले आणि स्मारक म्हणून जपले. १९४० च्या दशकापर्यंत वाळवीने त्याची अशी अवस्था केली, की ते पाडून टाकावे का, असा विचार झाला. अखेर ते पुन्हा उभारले गेले. आज तेथे जाणारा प्रवासी पाहतो त्या भिंती, जमिनी, दारे बहुतेक नंतरची आहेत. नेपोलियनच्या काळातले म्हणून जे उरले आहे, त्या दर्शनी दारापुढच्या दगडी पायऱ्या.